सात नंबरचा ठोका आणि नसलेला हॉर्न

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वाळू वाहतूक कंपनीचे मालक, आदरणीय हाजी कुंतोरोसाहेब. तालुक्याच्या तंत्रशाळेच्या मुख्याध्यापिका आणि आजच्या प्रमुख पाहुण्या वुर्यानीबाई. सेमारांगहून खास या कार्यक्रमासाठी आलेले इंजिनांचे तज्ज्ञ हेंद्राजितसाहेब. गावातली वडीलधारी मंडळी, माझे ड्रायव्हर, क्लीनर आणि नदीपात्रात फावडी मारणारे लोडर बंधू, पहाटेपासून पिवळ्या भाताच्या शंकूभोवती राबणाऱ्या आमच्या काकू आणि मावशी. आणि ज्यांच्यासाठी हा मंडप सजवला आहे ते आम्हा सगळ्यांचे आजोबा, म्हणजे आमचे म्बाह सारिदिन. सगळ्यांना माझा सलाम, आणि म्बाहांना वाकून.

मला तीन मिनिटं दिली आहेत. ऑफिसातून एक टाइप केलेला कागदही दिला आहे. वर लिहिलंय, 'तरुण कामगारांच्या वतीने दोन शब्द'. कागद चांगला आहे, त्यात वटवृक्ष दोनदा आहे आणि दीपस्तंभ एकदा. मी म्बाहांच्या हाताखाली चार वर्षं काढली. मला तरी त्यांनी सावली कधी दिलेली आठवत नाही. भर दुपारी गरम इंजिनाखाली ढकलून, वरून विचारायचे, "काय दिसतंय?" मी म्हणायचो, "काही नाही." ते म्हणायचे, "मग डोळे मीट आणि सांग काय ऐकू येतंय." सेमारांगच्या पॉलिटेक्निकमधून मी चौथ्या सहामाहीत पळून आलो हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिक्षण माझं अर्धवट राहिलं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ते अर्धं तिथे झालं आणि अर्धं सात नंबरच्या ट्रकखाली झालं.

तेव्हा हा कागद मी घडी घालून ठेवतो. साहेब, रागावू नका. म्हणजे रागवा, पण शेवटी.

आता या टेबलावरचं मानपत्र. काचेची चौकट, सोनेरी नक्षी, खाली साहेबांची सही. मघाशी त्याचं वाचन झालं आणि आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात सवयीनेच वाजतात. पण सातव्या ओळीत काय म्हटलंय ते कुणी ऐकलं का? मी पुन्हा वाचतो. "श्रवणशक्ती क्षीण झाल्याचे त्यांनी स्वतः मान्य केल्यामुळे, त्यांच्या विश्रांतीचा विचार करून..."

म्बाह सारिदिनांची श्रवणशक्ती क्षीण झाली! एकतीस वर्षं मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरून वाळू घेऊन खाली येणाऱ्या गाड्यांचा आवाज ज्या माणसाने गेटपाशी चहा पिता पिता ओळखला, 'अकराचा मागचा पट्टा सैल आहे, दोनच्या पंख्याला भेग आहे', त्याच्या कानांबद्दल हे वाक्य? आणि ते चौकटीत घालून त्याच्याच घराच्या भिंतीवर लावायचं? आल्यागेल्याने चहा पिताना वाचायचं, की या घरात एक बहिरा मिस्त्री राहतो?

भिंतीचं एक वेळ सोडा. वुर्यानीबाई, तुमच्या शाळेने म्बाहांना आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावलं होतं. ठरलं होतं, दिवससुद्धा ठरले होते. म्बाहांनी घरी एक जुना सहा सिलिंडरचा ब्लॉक अंगणात ठेवून वर्षभर करवतीने कापलाय, पोरांना आतलं सगळं दिसावं म्हणून. कडा घासून गुळगुळीत केल्यात, कुणाचं बोट कापू नये म्हणून. आणि मग गेल्या महिन्यात तुमचं पत्र आलं, 'श्रवणदोषाची माहिती मिळाल्याने तूर्तास विचार स्थगित'. बाई, तुमची चूक नाही. तुम्हाला जे सांगितलं त्यावर तुम्ही पत्र लिहिलंत. माझा प्रश्न सांगणाऱ्यांना आहे. आणि सांगणाऱ्यांत मीही आहे, कारण मी गप्प बसलो होतो.

आता काय झालं ते सांगतो. वाळूवाल्यांना अर्धं माहीत आहे, पाहुण्यांना काहीच माहीत नाही.

आमचा सात नंबरचा ट्रक, तीस वर्षांचा जपानी गडी. त्याच्या मागच्या फळीवर लिहिलंय, 'घाई असेल तर काल निघायचं होतंस.' ड्रायव्हर पोनिजोदादा. पावणेदोन महिन्यांपूर्वी हा ट्रक ठोकायला लागला. टक्, टक्, टक्. कोरडा आवाज, पुढच्या डाव्या अंगाने. पोनिजोदादा म्हणाला, "आत कुणीतरी खिळा ठोकतंय रे." ज्याला इंजिन कळतं त्याला माहीत आहे, ठोका ऐकला की आधी गाडी थांबवायची. बेअरिंग गेलं असेल तर पुढचा चढ चढताना पिस्टनचा रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर हात दाखवतो, आणि मग इंजिन भंगारात.

साहेबांनी हेंद्राजितसाहेबांना बोलावलं. ते आले, कानाला मोठे हेडफोन, हातात लांब दांड्याचं ऐकायचं यंत्र. सगळी गाडी त्यांनी तपासली. खोटं बोलत नाही, मेहनत केली माणसाने. सहाही नोजलच्या नळ्या एकेक करून सैल केल्या. बाई, तुम्हाला माहीत आहे, पण इथल्या काकूंसाठी सांगतो. नळी सैल केली की त्या सिलिंडरला डिझेल जात नाही, तो आराम करतो. ठोका त्याच्या रॉडचा असेल तर तो आराम करताना ठोका बदलतो, दबतो. एक नंबर सैल केला, काही नाही. दोन, तीन, चार, काही नाही. पाच, सहा, तरी टक् टक् टक् तसंच चालू.

हेंद्राजितसाहेब उभे राहिले, हात पुसले आणि म्हणाले, "एकाही रॉडचा नाही. म्हणजे खालचं मेन बेअरिंग. इंजिन मुळातून गेलंय."

तेव्हा म्बाह मागे उभे होते, लवंगेची सिगारेट विझवून कानावर ठेवलेली. ते हळूच म्हणाले, "ऑइलचं प्रेशर तर चांगलं आहे साहेब. मेन बेअरिंग गेलं असतं तर काटा इतका वर राहिला असता का?"

"काटा जुना आहे, आजोबा."

"काटा जुना आहे, मान्य. पण सहा भावांपैकी एकाचाही आवाज नाही, तर तो घरातला नसेल. पडवीत कुणी बसलं असेल." असं म्हणून म्बाहांनी इंजिनाच्या बाजूला लावलेल्या हवेच्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलं. ब्रेकला हवा भरतो तो. त्याच्या आतही एक छोटा रॉड असतो, छोटं बेअरिंग असतं. ते झिजलं की आवाज ब्लॉकमधून फिरून सगळीकडे ऐकू येतो. म्बाह म्हणाले, "आधी त्या हॉर्नचा नळ बंद करा. मग टाकी भरू द्या आणि ऐका."

आणि इथे, बंधूंनो, एक गोष्ट घडली जी फक्त आपल्याकडेच घडू शकते.

हेंद्राजितसाहेबांनी विचारलं, "कसला हॉर्न?"

सगळे गप्प. अंगणात बारा माणसं होती. बाराही जणांना माहीत होतं कसला हॉर्न. अहो, मेरापीपासून मुंतिलानपर्यंतच्या कोंबड्यांनाही माहीत आहे! सहा कर्ण्यांचा गाणारा हॉर्न, ब्रेकच्या हवेवर चालणारा. वाहतूक खात्याची त्याला बंदी आहे, कारण तो ब्रेकची हवा खातो. म्हणून आपण तो लपवतो. कर्णे हत्यारांच्या पेटीमागे, वर ट्रकचाच रंग, नळी केबिनखालून, बटण राखदाणीखाली. कागदावर आपल्या एकाही ट्रकला हॉर्न नाही. आणि हेंद्राजितसाहेब गाड्यांच्या तपासणीचे दाखलेही देतात, हेही सगळ्यांना माहीत होतं.

कुंतोरोसाहेब हसले आणि म्हणाले, "हॉर्न? आपल्या कुठल्याच गाडीला तसला हॉर्न नाही. म्बाहांचं वय झालंय."

साहेब, आपण मान खाली घालू नका. मी अजून माझ्यापर्यंत आलोच नाही.

म्बाहांनी साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, का ते सांगतो. मग जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल."

काय वाक्य आहे! या मंडपातल्या प्रत्येकाला हे वाक्य कळतं. आपल्याकडे पाहुण्यासमोर मालकाला खोटं पाडत नाहीत. मोठ्या माणसाची लाज वाचवायला आपण चूक स्वतःच्या अंगावर घेतो, आणि ज्याची लाज वाचली तो मनातल्या मनात ते लक्षात ठेवतो, पुढे कधीतरी फेडतो. माझी आई रोज अशी चार वाक्यं बोलते. तुमचीही बोलत असेल. पण आजपर्यंत कुणी आईच्या अशा वाक्यावर शिक्का मारून 'यांनी स्वतः मान्य केले' असा दाखला काढलाय का? म्बाहांनी तुमची लाज झाकली, साहेब. आणि तुम्ही ते पांघरूण ओढून घेऊन त्याचाच कागद केलात!

...नाही, मला पाणी नको. राहू दे तो ग्लास तिथेच.

तर आता माझ्याबद्दल. म्बाहांनी माझ्याकडे का पाहिलं? कारण सात नंबरला तो हॉर्न मी लावला होता. साहेबांनी परवानगी दिली होती, त्यांच्या मुलीच्या लग्नात सगळे ट्रक गायले होते, पण सात नंबरचं गाणं माझं होतं. कुणासाठी ते मी सांगणार नाही. नाव घेणार नाही. ती जेवणाच्या डब्यांपाशी उभी आहे, निळ्या ओढणीत, आणि आत्ताच तिने मान तिकडे वळवली. पोनिजोदादा, तू हसू नकोस, तू बाहेर गाडीत बैस म्हटलं होतं ना मी?

चौकातल्या तिच्या टेम्पेच्या, तळलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या गाड्यासमोरून ट्रक जाताना रोज संध्याकाळी सहा सूर वाजायचे. मी एकदा तिला विचारलं, "ऐकतेस ना रोज?"

"ऐकते की. कढईतलं टेम्पे उडी मारतं. बहिणीचं बाळ जागं होतं. परवा एका आजीच्या हातून बशी पडली."

"पण सूर कसे आहेत?"

"सूर चांगले आहेत. वाजवणारा वेडा आहे."

बंधूंनो, एवढ्यावर मी तीन महिने जगलो. दादाच्या शेजारी बसून बटण जास्त दाबायला लागलो, मोठी नळी टाकली, आवाज लांब जावा म्हणून. ती नळी जोडावर गळायची. मला माहीत होतं ती गळते. रोज गळते, रात्रंदिवस गळते, टाकी कधी भरतच नाही, आणि म्हणून त्या बिचाऱ्या कॉम्प्रेसरला क्षणाची उसंत नाही. भरलेल्या टाकीवर तो थांबतो, श्वास घेतो. माझ्या प्रेमाने त्याला श्वास घेऊ दिला नाही. तोच ठोकत होता. आणि त्या दिवशी बारा माणसांत मी असा उभा होतो जणू काही मी हॉर्न म्हणजे काय हेच कधी ऐकलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. साहेबांनी दुसरं जुनं इंजिन आणलं, त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर आला. नवं बसवलं, ठोका गेला. जाणारच! सगळं घरच बदललं, पडवीसकट. मग सगळे म्हणाले, 'बघा, हेंद्राजितसाहेब बरोबर होते. म्बाहांचे कान गेले.' आठवड्यात निवृत्तीची गोष्ट निघाली. दुसऱ्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. मी म्बाहांना भेटायला गेलो तर अंगणात त्या कापलेल्या ब्लॉकवर ताडपत्री टाकत होते. मी म्हणालो, "म्बाह, मी सांगतो सगळ्यांना." ते म्हणाले, "पोरा, तुझी नोकरी आहे. साहेबांचं नाव आहे. माझं काय, मला आता कुठे जायचंय?"

त्याच संध्याकाळी मी चौकात गेलो. तिने मला टेम्पे दिलं नाही. म्हणाली, "म्बाहांच्या जागी तुझा आजा असता तर?"

"मी काय करणार? मी तर साधा हेल्पर आहे."

"नळी बसवताना हेल्पर नव्हतास." आणि मग माझ्याकडे न बघता कढईत झारा फिरवत म्हणाली, "हॉर्न वाजवून सगळ्या गावाला सांगता येतं. तोंडाने सांगता येत नाही होय?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आज मी बोलतोय ते तिच्यासाठी नाही, हे मी स्पष्ट करतो. म्हणजे थोडं तिच्यासाठी आहे. पण मुख्य म्हणजे मला राग आलाय. मला हेंद्राजितसाहेबांचा राग नाही. त्यांना आपण अर्धा ट्रक दाखवला आणि पूर्ण रोग ओळखायला सांगितलं. डॉक्टरपुढे रोग्याने शर्ट काढायचा नाही आणि मग म्हणायचं, छातीत काय आहे ते बघा? राग आपला आहे, आपल्या सगळ्यांच्या गप्प बसण्याचा. कुणाच्याही लाजेखातर आपण गप्प बसतो आणि त्याची किंमत नेहमी तोच माणूस चुकवतो जो सगळ्यात कमी बोलतो!

मी काय केलं ते ऐका. जुनं इंजिन शेडमध्ये पडलं होतं. गेल्या शुक्रवारी नमाजानंतर मी त्याचं तेल काढलं, तळ उघडला, मेन बेअरिंगच्या टोप्या काढल्या. हे बघा, या बशीत आणलेत बेअरिंगचे अर्धगोल. वुर्यानीबाई, हात लावून बघा. ओरखडा आहे? हेंद्राजितसाहेब, तुम्हीही बघा, मला लाज वाटत नाही, तुम्हालाही वाटू नये. नवीन नाहीत, पण आणखी दोन लाख किलोमीटर सहज चालतील. आणि हा त्या जुन्या कॉम्प्रेसरचा रॉड. नुसत्या बोटाने हलवा. हलतोय ना, म्हाताऱ्याच्या दातासारखा? हा होता आपला ठोका. याच्यासाठी आपण एक इंजिन बाहेर काढलं आणि एक माणूस बाहेर काढला.

आता कुणी म्हणेल, 'गालिह तरुण आहे, तापट आहे, बशीत आणलेल्या वस्तूंवर कोण विश्वास ठेवणार?' बरोबर. म्हणून सात नंबर बाहेर अंगणात उभा केलाय. या मंडपाला भिंती नाहीत ही चांगली गोष्ट आहे. कारण सांगतो, बंधूंनो, गेल्या गुरुवारपासून सात नंबर पुन्हा ठोकतोय. नव्या इंजिनासकट! हॉर्न तोच, गळकी नळी तीच. पोनिजोदादाने फक्त मला सांगितलं, साहेबांना सांगायची त्याची छाती झाली नाही.

पोनिजोदादा, लाव गाडी.

...ऐका. टक्. टक्. टक्. मागच्या रांगेला येतंय ऐकू? हेंद्राजितसाहेब, आपण मान हलवताय, धन्यवाद. हाच तो आवाज, बरोबर? आणि हे मेन बेअरिंग नव्हे, कारण याचं मेन बेअरिंग तुम्ही स्वतः तपासून घेतलं होतं.

दादा, आता हॉर्नचा नळ बंद कर. राखदाणीखाली नाही, केबिनखाली, पेटीमागे. हो, तोच, जो नाही आहे तो. बंद केलास? छान. आता हात लावू नकोस, चालू राहू दे. टाकी भरायला दीडएक मिनिट लागेल. काटा वर चढेल, चढेल, आणि भरली की फुस्स करून कॉम्प्रेसर सुटेल.

तोपर्यंत एक गोष्ट. वुर्यानीबाई, शाळेतल्या पोरांना तुम्ही नवी यंत्रं दाखवता, ते बरोबरच आहे. पण आपल्या उतारावर चालणाऱ्या गाड्या तीस वर्षांच्या आहेत. त्यांच्यात चिप नाही, पडद्यावर चूक सांगणारा कुणी नाही. त्यांना ऐकावं लागतं. आणि ऐकणं म्हणजे फक्त कान नव्हे. कुणी काय लपवलंय, कशाचं नाव घेत नाही, ड्रायव्हर कुठल्या वळणावर गाणं म्हणतो, तेही ऐकणं. म्बाहांना माझं प्रेमसुद्धा कॉम्प्रेसरच्या आवाजावरून कळलं होतं. ठोका सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी मला म्हणाले होते, "पोरा, मुलीला चिठ्ठी लिही. हवा वाचेल."

...थांबा. थांबा! फुस्स.

गेला. ठोका गेला. ऐकताय? कुणी टाळी वाजवू नका, आधी ऐका. इंजिन कसं सरळ चाललंय. दादा, ब्रेक दहा वेळा दाब, हवा उतरू दे. ...टक्. टक्. परत आला. आता सोड, भरू दे.

हे म्बाह त्या दिवशी म्हणाले होते, तेवढंच करायला. एक नळ बंद करा आणि ऐका. दोन मिनिटांचं काम. आपण इंजिन बदललं, पण नळाचं नाव घेतलं नाही.

साहेब, मी तुम्हाला सगळ्यांसमोर उत्तर मागणार होतो. घरून तेच ठरवून आलो होतो. पण म्बाह मान हलवतायत, नको म्हणतायत. इथेसुद्धा ते तुमचीच लाज झाकतायत, बघा. मी म्बाह नाही, मला ते जमत नाही, पण त्यांच्या कार्यक्रमात त्यांचं ऐकतो. उत्तर मागत नाही. एवढंच सांगतो, की सातव्या ओळीतलं वाक्य ज्याने लिहिलं त्याने ते खोडावं, आणि बाईंच्या शाळेला ज्याने कळवलं त्यानेच पुन्हा कळवावं. नाहीतर मी जाईन, पायी जाईन, आणि हेच सगळं पुन्हा सांगेन. नोकरीचं तुम्ही ठरवा.

पुन्हा भरली टाकी. गेला ठोका. दादा, राहू दे अशीच चालू.

काय? म्बाह काहीतरी म्हणतायत. माइक द्या त्यांना कुणी. नको म्हणतात. बरं, मोठ्याने बोला म्बाह, मी सांगतो सगळ्यांना. हं... हं. म्बाह म्हणतात, "गालिह, भाषण पुरे झालं. चार नंबरच्या सिलिंडरचं टॅपेट ढिलं आहे. ते आधी बघ, मग बोल."

चार नंबर?

मला नाही ऐकू येत. पोनिजोदादा, तू तर गाडीतच आहेस, तुला? नाही म्हणतो. लोडर बंधूंनो? नाही. हेंद्राजितसाहेब... साहेब कानामागे हात धरून ऐकतायत. प्रामाणिक माणूस आहे, मान हलवून नाही म्हणतायत. या सबंध मंडपात, पन्नास पावलांवर, चालू इंजिनात, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या एका टॅपेटची टिकटिक एकाच माणसाला ऐकू येते, आणि त्याच्याच मानपत्रावर लिहिलंय की...

नाही, मी पुढे बोलत नाही. म्हणालेत पुरे.

वुर्यानीबाई, तुम्ही उठलात? बाई म्हणतायत, इंजिनाचं झाकण उघडताना मला जवळून बघायचंय. बाई, चपला घाला, अंगणातली वाळू तापलीय. हेंद्राजितसाहेबही उठले. साहेब, कुंतोरोसाहेब, आपणही चला. गाडी आपलीच आहे.

तेव्हा आता आटोपतो. मंडप घालणाऱ्यांचे, भाताचा शंकू रचणाऱ्या काकूंचे, खुर्च्या देणाऱ्या मशिदीच्या मंडळाचे आणि माझ्या तीन मिनिटांची एवढी मिनिटं होऊ देणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात कुणाचा अधिक-उणा अपमान झाला असेल तर त्याबद्दल मी माफी मागत नाही, तो ठरवूनच केला होता. पण पाच आठवडे गप्प बसलो, तेवढी चूक माझी. ती म्बाहांनी पोटात घालावी, आणि डब्यांपाशी उभ्या असलेल्या कुणालाही ती पोटात घालावीशी वाटली तर त्यालाही माझी हरकत नाही.

डबे वाटायला जरा थांबा, मावशी. आधी झाकण उघडू. म्बाह, उठा, हात द्या. आणि टॅपेटची फट मोजायची पट्टी शोधू नका मंडळी, ती आजच्या नव्या बाटिकच्या सदऱ्याच्या खिशातसुद्धा त्यांच्याजवळच आहे, मघाशी नमस्कार करताना मला टोचली.